रक्तातला विळा



आज आपण सिकलसेल या रोगाविषयी बोलू. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या रोगात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हाडे ठणकतात, सांधे दुखतात, अंगातले रक्त कमी होते. लेकरू रात्र रात्र तळमळते. घरचे म्हणतात, "बाहेरचं काही झालं असेल." तसे नाही, बरं का. हा रोग आईबापांच्या रक्तातून जन्मतःच येतो.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हा रोग बराच आहे. आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही मागास समाजांत तो जास्त आढळतो. म्हणजे बहुतेक गरिबाच्या घरी. खरी गोष्ट इथेच आहे.

अमेरिकेतले डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली या रोगाची माहिती प्रथम छापली. तिथल्या सरकारने या रोगावरचे पहिले औषध मान्य केले १९९८ साली. मधे ८८ वर्षे गेली! ते औषध, हायड्रॉक्सियुरिया, तेही आधी कर्करोगासाठी वापरले जात होते.

एवढा उशीर का? रोग अवघड, हे खरे. पण तिथे तो मुख्यतः काळ्या लोकांना होतो. गोऱ्या लोकांत जास्त आढळणारा सिस्टिक फायब्रोसिस नावाचा दुसरा रोग आहे. त्याचे रोगी कमी, तरी संशोधनाला माणशी पैसा त्यालाच जास्त मिळाला.

आपल्या गुजरीत काय होते? जो माल खपतो, तोच दुकानदार आणतो. औषध कंपन्यांचेही तसेच. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या रोगाचा शोध आधी.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकांच्या पातळीवर काम करणारे नवे उपचार मान्य झाले. त्यांतल्या एकाची किंमत तेव्हा माणशी २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये होती! विद्या सापडली, पण गरिबाच्या दारी आली नाही.

मग हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रोग्यांसाठी काम उभे केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात या रोगाचे नाव आले. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने ७ कोटी लोकांचे रक्त तपासण्याची मोहीम सुरू केली.

आपणही दोन कामे करू. पहिले, लग्नाआधी मुलामुलीचे रक्त तपासून घेऊ. दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणी मूल आजारी होण्याचा धोका चारात एक असतो. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसरे, ग्रामसभेत विचारू : आमच्या रोगाची तपासणी गावात कधी? औषध दवाखान्यात आहे का? ज्याचे जळते त्यालाच कळते. म्हणून आपल्या रोगाविषयी आधी आपणच बोलले पाहिजे.