नाचायला कोणी बोलवायचं?

(नाशिक येथील मेळाव्यातील भाषण)



टँगो हा जोडीने करायचा नाच मूळचा अर्जेंटिना-उरुग्वेकडचा. १९१० नंतर तो युरोपमार्गे फिनलंडला पोहोचला आणि बदलला. बँडोनियन या वाद्याच्या जागी अ‍ॅकॉर्डियन आला, सूर उदास झाले, पावलं साधी झाली. खेड्यापाड्यातली माणसंही तळ्याकाठच्या नाचमंडपांत तो नाचू लागली. सेइनायोकी शहरात १९८५ पासून त्याचा उत्सव भरतो.

मला महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक फरक. ब्यूनोस आयर्सच्या जुन्या रिवाजात पुरुष नजरेनं विचारतो, बाई मानेनं होकार देते. फिनलंडच्या नाचमंडपांत मात्र काही वेळ बायकांसाठी राखलेला असतो. तेव्हा बाई उठते आणि आपल्याला हव्या त्या पुरुषाला नाचायला बोलावते. याच देशात १९०६ साली बायकांना मतदानाचा आणि निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क मिळाला.

आपल्याकडे लावणीत बाई नाचते, पुरुष बघतो, फर्माईश करतो. आणि नावं ठेवली जातात ती बाईला. वरातीत पुरुष रस्ताभर नाचतात, आपण नाचलो तर घरी बोलणी बसतात. टँगो शिका असं मी म्हणत नाही. आपल्या आनंदाचा पुढाकार आपण का घेऊ नये, यावर आपापल्या गटात बोलूया.