आहे, आहेस, आहोत : पोरींचं इंग्रजी आणि आपण

सिरसाळ्याहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय. आज कर्ज नाही, हप्ता नाही. आज बोलायचंय पोरांच्या इंग्रजीबद्दल.

मागं कारखान्याचा पट्टा पडला आणि आपल्या बाया ऊसतोडीवरून गावी परतल्या. गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली, "ताई, पोरगी सातवीत हाय, पण शाळेत जायचं नाही म्हणती. इंग्रजीच्या तासाला मान वर करीत नाही." चार-पाच महिने कोपीवर काढल्यावर दुसरं काय होणार? भीती इंग्रजीची नाही मैत्रिणींनो. शाळा सुटली की स्थळं यायला लागतात, भीती त्याची आहे.

मी त्या पोरीला आणि आईला एकत्रच बसवलं. आई म्हणाली, "मला काय येतंय इंग्रजीतलं?" मी म्हटलं, "तुला मराठी येतं ना? मग बस."

पोरीला विचारलं, "मांजराने उंदराला पकडलं. आता उलटं बोल." ती म्हणाली, "उंदराला मांजराने पकडलं." अर्थ बदलला का? नाही. कारण 'ने' आणि 'ला' हे भांड्यावर कोरलेल्या नावासारखे असतात. भांडं कुणाच्याही मांडवात जाऊ द्या, कुणाचं ते कळतं. इंग्रजीत भांड्यावर नाव नसतं, तिथं जागेवरून ओळखायचं. 'द कॅट कॉट द रॅट' म्हणजे मांजराने उंदीर पकडला. जागा बदलून 'द रॅट कॉट द कॅट' म्हटलं, की उंदरानेच मांजर धरलं! पोरगी खुदकन हसली, आईही हसली.

म्हणून पहिला नियम: करणारा आधी, काम मध्ये, ज्याच्यावर काम घडलं ते शेवटी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यांचं मध्ये. पोरं मराठीच्या क्रमानं इंग्रजी लिहितात आणि तिथंच चुकतात.

दुसरं, 'आहे'. मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. एका 'आहे'ची पाच रूपं आपण न शिकता बोलतो. इंग्रजीत तीनच: 'आय'ला 'ॲम'; 'ही', 'शी', 'इट'ला 'इज'; 'वी', 'यू', 'दे'ला 'आर'. शिवाय आपल्यात तो जातो, ती जाते. त्यांच्यात बाई-पुरुषाला क्रियापद सारखंच: 'ही गोज', 'शी गोज'.

तिसरी गोष्ट जरा फसवी आहे. शब्दाच्या शेवटी लागणारा 'एस'. नामाला लागला तर बहुतेक वेळा अनेक: एक 'बॉय', पुष्कळ 'बॉईज'. पण रोजचं काम सांगताना क्रियापदाला लागला तर करणारा एकटा: 'द बॉय रन्स', पण 'द बॉईज रन'. मी स्वतः बी.ए. होईपर्यंत हे नुसतं पाठ करत होते, कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. म्हणून परीक्षेत निबंध घोकलेला यायचा, पण स्वतःचं एक वाक्य यायचं नाही.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे सातवीच्या लेकराला शब्द पुष्कळ माहीत असतात, फक्त ते जोडायचे कसे हे कळत नाही. ते जोडणं म्हणजेच व्याकरण.

आणि एक लक्षात ठेवा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या लेकरांसाठी आहे. मधे शाळा सुटली असेल तरी वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो, आणि बरोबरीला येण्यासाठी खास शिकवणी मिळण्याचाही हक्क आहे. शाळेत जाऊन हे मागा. एकटीला अवघड वाटलं तर गटातल्या चौघी मिळून जा.

ती पोरगी काही पहिली आली नाही. पण शाळेत जाते. रोज भाकरी थापताना आई मराठीत एक वाक्य सांगते, पोरगी ते इंग्रजीत फिरवते. 'आय ईट भाकरी. माय मदर ईट्स भाकरी.' बरोबर की चूक हे आईला कळत नाही, पण ती एवढं नक्की विचारते, "करणारा आधी आला का गं?"

या आठवड्यात तुम्हीही चुलीपाशी एवढंच विचारा. पुढच्या बैठकीला एकेकीनं आपल्या लेकराचं एक वाक्य आणायचं. हप्त्याच्या वहीत मी एक पान त्यासाठी मोकळं ठेवलंय.

राम राम.