पावती नसलेला खर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गृहउद्योग विभागाच्या वतीने मी चार शब्द बोलावेत असे ठरले, तेव्हा यंदा भाजणी किती खपली, मसाला किती किलो कांडला, हे मी सांगेन अशी आपली अपेक्षा असणार. ते आकडे अहवालात छापले आहेत, ते घरी निवांत वाचावेत. मला आज आमच्या वहीतील एका ओळीविषयी बोलायचे आहे. मार्च २०१८ च्या पानावर ती आहे : ‘प्रवास व इतर, रु. १,५००’. मुलुंड सोडून आम्ही त्या महिन्यात कुठे गेलोच नव्हतो. ते पैसे मी लाच म्हणून दिले होते.

आम्ही आठजणींनी तळमजल्यावरची खोली भाड्याने घेतली होती, डंक बसवला होता, गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. मसाल्याचे दिवस म्हणजे चैत्र-वैशाख. ते हुकले की वर्ष हुकले. आणि एक परवाना अडून बसला होता. दर खेपेला एखादा कागद कमी निघे. चौथ्या खेपेला दाराशी बसलेल्या गृहस्थांनी ‘बाई, चहापाण्याचे बघा’ असे हळूच सुचवले आणि मी पर्स उघडली. दुसऱ्या दिवशी परवाना हातात! खरे सांगते, त्या दिवशी मला माझ्या हुशारीचे कौतुकच वाटले होते.

महिनाअखेरीस खजिनदारबाईंनी पावती मागितली. त्यांनी रागाने मागितली नव्हती; त्या सुतळीच्या गुंडाळीचीही पावती मागतात. मी गप्प राहिले. मग ती ओळ लिहिली गेली, आणि लिहिणारीही मीच. लाचेला पावती नसते, म्हणून ती वहीत दुसऱ्याच नावाने शिरते. आणि एक ओळ खोटी आहे हे ठाऊक झाल्यावर बाकीच्या सातजणींनी पुढल्या ओळींवर कशासाठी विश्वास ठेवावा?

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. तेच पुढे लिज्जत झाले. त्यांना वाट दाखवणारे छगनबाप्पा पारेख यांनी हिशेब व्यापाऱ्याप्रमाणे चोख ठेवण्यावर फार भर दिला होता. १९६१ साली मालाडला शाखा काढण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, हे आपण उपनगरातल्या बायकांनी मुद्दाम आठवावे, म्हणजे आपल्या अपयशाची फार लाज वाटणार नाही. सांगायचे ते असे, की जेथे प्रत्येक बाई मालकीण आहे, तेथे एकीने गुपचूप दिलेला पैसा सगळ्यांच्या खिशातला असतो.

त्याच वर्षी, २६ जुलै २०१८ पासून, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्ती अमलात आली. लाच देणाराही आता उघड गुन्हेगार ठरतो. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र जिला द्यायला भाग पाडले गेले, तिने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर तिला संरक्षण आहे. देण्यापूर्वीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ ह्या क्रमांकावर कळवावे, हे अधिक चांगले. अमेरिकेने १९७७ साली आपल्या कंपन्यांना परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याची बंदी केली, पण नेहमीचे काम लवकर व्हावे म्हणून दिलेली रक्कम त्यातून वगळली. म्हणजे आपले चहापाणीच की! आपल्या कायद्याने अशी सवलत ठेवलेली नाही, आणि ते मला योग्य वाटते.

पण नुसता कायदा सांगून कोणाचे पोट भरत नाही. २०२२ साली फराळासाठी दुसरी खोली घेतली, तेव्हा एका दाखल्यासाठी पुन्हा तसाच प्रसंग आला. ह्या वेळी आम्ही दोघी मिळून गेलो. अर्जाची पोच मागितली, कागद कमी असेल तर तसे लेखी द्या म्हटले, आणि प्रत्येक खेपेची तारीख वहीत लिहिली. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ज्या सेवा त्याखाली जाहीर झालेल्या आहेत, त्यांच्या अर्जाच्या पोचेवर काम किती दिवसांत होणार ते लिहावे लागते. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. आम्ही अपील केले आणि दाखला मिळाला. पण केव्हा? तुळशीचे लग्न लागून गेल्यावर! दिवाळीच्या सुमारे चाळीस हजारांच्या मागण्या हातच्या गेल्या.

त्या बैठकीत आमच्यातली एक, जिचे यजमान तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते, मला म्हणाली, “ताई, तुमच्या तत्त्वाचे पैसे माझ्या चुलीने का भरायचे?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या घरी पेन्शन येते, तिच्या घरी येत नाही. ह्या प्रश्नाला उत्तर न देता प्रामाणिकपणावर भाषण करणे मला तरी जमणार नाही.

आम्ही जे केले ते असे. प्रत्येक पाकिटामागे एक रुपया बाजूला ठेवू लागलो. कामकाज अडले तर जिची नड मोठी, तिला त्यातून आधी मिळते. दिवाळीचे अर्ज आता चैत्रातच जातात. घाई आपली असली की भाव समोरचा सांगतो. आणि मुळात परवाना लागतो का, हे आधी विचारतो. दुकाने व आस्थापनांचा राज्याचा नवा कायदा डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तेथे नोंदणीचा दाखला लागत नव्हता, ऑनलाइन सूचना दिली की काम होत होते. आम्हां आठजणींना हे ठाऊक नसल्यामुळे त्यासाठीही आम्ही पुष्कळ चपला झिजवल्या.

एका कॅन्टीनच्या कंत्राटात तिथल्या माणसाने पाकिटामागे कमिशन मागितले. ते काम आम्ही सोडले. दुसरे अजून मिळालेले नाही.

मार्च २०१८ ची ती ओळ मी गेल्या बैठकीत लाल शाईने दुरुस्त केली, खाली सही केली, आणि १,५०० रुपये माझ्या बचतीतून भरले. त्यांची पावती खजिनदारबाईंनी मला दिली आहे. ते सात दिवस केव्हाच उलटले; त्यामुळे पुढे काही विचारणा झालीच तर उत्तर मी देईन, मंडळ नव्हे.

डंकाच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज सोमवारी द्यायचा आहे. कागद हिरव्या फायलीत लावून ठेवले आहेत. दहा वाजता माझ्याबरोबर कोण येणार, ते चहाच्या वेळी मला सांगावे.