अण्णा व्हॉइस नोटच का पाठवायचे?

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज चष्म्याबद्दल बोलणार आहे. थांबा, स्किप करू नका, तुमच्याच घरातली गोष्ट निघेल.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा धाराशिव जिल्ह्यातला, कळंब तालुक्यातला. आमच्या जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना दुष्काळ आणि तुळजापूर आठवतं. पण इथं साखर कारखानेही आहेत, आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटला की गावंच्या गावं त्या भोंग्यावर चालतात. माझे अण्णा अशाच एका कारखान्यात पॅनमन आहेत. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एकाच कारखान्याची नाही.

पॅनमन म्हणजे काय? उसाचा रस आटवून जो पाक होतो, तो मोठ्या बंद पॅनमध्ये शिजवून त्यातून साखरेचा दाणा तयार करतात. पॅनमन मधेमधे नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि उजेडाकडे धरून दाणा बघतो. दाणा एकसारखा वाढतोय का, मधेच नको असलेला बारीक दाणा सुटलाय का, हे तो डोळ्यानं ठरवतो. अण्णा हे पंचवीसेक वर्षं करतायत. आता त्यांचं वय बावन्न.

तर दोनेक वर्षांपासून अण्णा मला टाइप केलेला मेसेज पाठवेनात. फक्त व्हॉइस नोट. मला वाटलं, कंटाळा करत असतील. मागच्या सीझनला घरी गेलो तर लाइट बिल आईकडून वाचून घेतायत, फोन हात लांब करून धरतायत. मी म्हणालो, "अण्णा, चष्मा लागलाय तुम्हाला." तर म्हणाले, "आरं गप, कारखान्यात तपासलेत डोळे. सगळ्या ओळी वाचल्या मी. सिक्स बाय सिक्स हाय."

आणि ते खोटं बोलत नव्हते! कॅम्प झाला होता, फॉर्मवर 'नॉर्मल' लिहिलं होतं. पण तो तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो, त्यात लांबचं कळतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं. त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' उगाच म्हणत नाही. जवळचं तपासायला हातात कार्ड देऊन साधारण चाळीस सेंटिमीटरवरून वाचायला लावतात. ते कार्ड त्या कॅम्पमध्ये नव्हतंच. आमच्या भाषेत सांगायचं तर, टेस्ट पास झाली, पण जिथं बग होता ती टेस्ट केसच लिहिली नव्हती.

खरी गोष्ट मला रात्री कळली. अण्णा हळूच म्हणाले, "दाणा बघायला हेल्परला बोलवतो मी. पण चष्मा लागला म्हणलं की पॅनवरनं खाली आणतील." म्हणजे माणूस दोन सीझन स्वतःचंच काम अंदाजानं करत होता, भीतीपोटी. समोर वाफ, प्रेशरचा काटा, गरम पाक. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला जिल्हा रुग्णालयात गेलो. जवळचा नंबर निघाला प्लस दोन. औषध घालून बाहुली मोठी केली, पडदा तपासला, डोळ्याचा दाब बघितला. हे महत्त्वाचं आहे. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. शुगर असेल तर पडद्याचंही तसंच, सुरुवातीला काही कळत नाही. अण्णांचं ते दोन्ही ठीक निघालं. त्यांना फक्त चष्मा हवा होता, काही शे रुपयांचा.

आता जरा आसामला जाऊ. तिथं चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मेवाल्यांची पानं खुडण्याची क्षमता दुसऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. म्हणजे चष्मा देण्यात मालकाचाही फायदाच आहे.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाबद्दल होतं: जिथं कण उडतात किंवा प्रखर उजेड असतो, तिथं गॉगल किंवा आडोसा द्यायचा. आणि साधा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे, हे वेल्डर-फिटर मंडळींना सांगा. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे. पण त्यात डोळे बघतात का, हे आपणच विचारायचं.

अण्णांनी चष्मा खिशात लपवून नेला. चार दिवसांनी हेल्परनंच सगळ्यांना सांगितलं. कुणीही त्यांना खाली आणलं नाही. उलट पॅनवरच्या दुसऱ्या दोघांनी विचारलं, "कुठनं आणला?" मग त्यांच्यातल्याच एकानं लेबर ऑफिसला जाऊन दोन गोष्टी मागितल्या: पुढच्या कॅम्पला जवळचं कार्ड ठेवा, आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्या, कुणाचं काम काढायला वापरू नका. कार्डाला लगेच हो म्हणाले. दुसऱ्यावर अजून बोलणं चालू आहे.

तर आज घरी फोन लावा. आई-बाबांना गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला सांगा, हात लांब न करता. आणि विचारा, कंपनीत डोळे तपासताना हातात कार्ड दिलं होतं का?

मागच्या आठवड्यात स्टँडअप मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. अण्णांचा मेसेज, टाइप केलेला: "जेवलस का". काना राहिला होता. मी दुरुस्त केला नाही.

भेटू पुढच्या भागात.