द्राक्षबागांच्या रस्त्याने सायकलवर



माझी सगळी नोकरी एका बँकेत गेली. त्यातली बरीच वर्षे शेती कर्जाच्या विभागात. त्यामुळे नाशिक, दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतले द्राक्षांचे गाव आणि गाव मला माहीत आहे, असे मी अभिमानाने सांगत असे. निवृत्त झालो आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. गुडघ्यांनी नकार दिला. मग डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. मुलाची जुनी सायकल माळ्यावर पडली होती. ती उतरवली, टायर-ट्यूब बदलल्या आणि एका जानेवारीत सकाळी मखमलाबाद नाक्यावरून बाहेर पडलो. त्या दिवशी लक्षात आले, की हा मुलूख मला माहीत होता तो जीपच्या काचेतून.

मंडळी, नाशिकच्या लोकांना सायकलचे कौतुक नवे नाही. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांनी मिळून पूर्ण केली. तेव्हापासून पहाटे हेल्मेट घातलेली मंडळी रस्त्यावर जास्तच दिसू लागली. पण मी बोलणार आहे ते त्या सायकलिंगबद्दल नाही. माझा वेग ताशी बारा-तेरा किलोमीटर. शाळेत जाणारी मुले मला मागे टाकून जातात आणि वर हात हलवतात.

माझा नेहमीचा रस्ता सांगतो. मखमलाबाद, मातोरी, मुंगसरे, गिरणारे आणि परत गंगापूर रस्त्याने घरी. सगळे मिळून पस्तीसेक किलोमीटर. मखमलाबाद सोडले की उजव्या हाताला दूर रामशेजचा किल्ला दिसतो. पुढे दोन्ही बाजूंनी बागा सुरू होतात. गिरणाऱ्याच्या अलीकडे समोर अंजनेरी आणि ब्रह्मगिरीची रांग येते. गोदावरी तिथेच उगम पावते, आणि तिचे पाणी गंगापूर धरणात थांबते. नाशिककर रोज जे पाणी पितात, ते इथले. रस्ता लहान, चढ बेताचे. मोठ्या गाड्या कमी. मात्र टोमॅटोच्या हंगामात क्रेट लादलेल्या पिकअप गाड्या भरधाव येतात, तेव्हा मुकाट्याने खाली उतरून उभे राहावे.

जीपमधून बाग म्हणजे एक हिरवा पट्टा असतो. सायकलवरून ती वेगवेगळी दिसू लागते. खायच्या द्राक्षांची बाग ‘वाय’ आकाराच्या लोखंडी अँगलवर पसरलेली असते. वरती पानांचे छत आणि खाली घड. वाइनच्या द्राक्षांच्या ओळी तारांवर उभ्या, कुंपणासारख्या. त्यांचे मणी लहान आणि बी असलेले. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले आणि या उभ्या ओळी गंगापूर-दिंडोरीच्या बाजूला वाढल्या. पण जिल्ह्यातली बहुतेक बाग अजूनही खायच्या द्राक्षांचीच. थॉमसन, सोनाका, ताशी गणेश ही नावे इथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात.

एकाच रस्त्याने वर्षभर गेलात, तर द्राक्षाचे सगळे पंचांग कळते. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही, म्हणून छाटणी वर्षातून दोनदा आणि पीक एकदाच. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा बाग अगदी बोडकी दिसते. त्यानंतर नव्या काड्या फुटतात आणि भर उन्हाळ्यात त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड आतल्या आत तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. डोळे फुगतात, पोंगा दिसतो, मग घड, मग फुलोरा. डिसेंबरात मणी विरळायला बायका बागेत उभ्या असतात. मान वर, हात वर, दिवसभर. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या एकरावर काम घेतात. जानेवारीच्या पुढे मण्यात पाणी उतरते, आणि एका सकाळी हवेला गोडसर वास येतो. जीपमध्ये असताना हा वास मला एकदाही आला नव्हता.

दुसरा रस्ता नदीच्या सोबतीने पूर्वेला जातो. माडसांगवी, सायखेडा, चांदोरी करत नांदूरमध्यमेश्वरपर्यंत. एका बाजूचे चाळीसेक किलोमीटर. जाताना नदीबरोबर हलका उतार असतो. येताना तो कर्जासारखा व्याजासकट फेडावा लागतो. इकडे जमीन काळी होत जाते. द्राक्षांच्या जोडीला ऊस आणि कांदा. चांदोरी आणि सायखेडा ही गोदावरीच्या दोन काठांवरची गावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, तेव्हा दोन्ही गावांत पाणी शिरले होते. पाणी ओसरल्यावर नदी पुन्हा इतकी शांत वाहते, की तिने असे काही केले असेल यावर विश्वास बसत नाही.

नांदूरमध्यमेश्वरला कादवा गोदावरीला मिळते. तिथल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली आणि पक्ष्यांनी ती आपली मानली. २०२० साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले, महाराष्ट्रातला पहिला. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, कधी रोहितही दिसतात. सायकल कडेला लावून बसावे. घंटी मात्र वाजवू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगतो आहे, ती गोष्ट.

निफाडकडे कडाक्याची थंडी पडते. पारा चार-पाच अंशांवर आला की तयार मण्यांना तडे जातात. म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे माझी सायकल पंक्चर झाली. बाभळीचा काटा. हात गारठलेले, टायर निघेना. बांधावर एक गृहस्थ शेकोटीजवळ बसले होते. त्यांना आपण अण्णा म्हणू. ते म्हणाले, “या, आधी शेका. मग बघू.”

शेकता शेकता त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “साहेब, तुम्ही बँकेतले ना?”

मी हो म्हणालो.

“तुम्ही आमच्या बागेवर आला होता. दोन हजार दहाला.”

मला आठवेना. त्यांना सगळे आठवत होते. त्या वर्षी नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला होता. छाटणी नुकतीच झालेली, आकाश कितीतरी दिवस झाकोळलेले. त्यांच्या बागेत घड जिरले. म्हणजे जो कोंब घड व्हायचा, त्याचा नुसता ताणा झाला. पाने भरपूर, फळ नाही. त्यांनी हप्ता पुढे ढकलून मागण्यासाठी अर्ज केला होता. मी पाहणीला आलो. जीप रस्त्यावरच थांबली, कारण त्या दिवशी अजून सहा गावे करायची होती. मी पाहिले, बाग हिरवीगार. अहवालात लिहिले, ‘बागेची स्थिती उत्तम.’

अर्ज नामंजूर झाला. पुढे त्यांनी एक एकर विकून कर्ज मिटवले.

हे सगळे त्यांनी चढ्या आवाजात सांगितले असते, तर मला सोपे गेले असते. ते शेकोटीत काटक्या टाकत सांगत होते. मी म्हणालो, “अण्णा, तुम्ही मला हाक का मारली नाहीत?”

“मारली होती. काच बंद होती.”

यावर मी काय बोलणार? माफी मागितली. ते म्हणाले, “जाऊ द्या,” आणि उठून त्यांनी माझा टायर काढून दिला.

श्रोतेहो, मी लबाडी केली नव्हती. जे दिसले तेच लिहिले होते. पण रस्त्यावरून बागेचे पान दिसते, घड पानाआड असतो. तो पाहायला वाकून मांडवाखाली शिरावे लागते. नोकरीच्या इतक्या वर्षांत अशा किती बागा मी हिरव्या म्हणून लिहिल्या असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. तो मनात घेऊनच मी या रस्त्यांवरून जातो. आणि जिथे कुणी हाक मारील तिथे थांबतो.

थांबले की कळते. बागायतदार बाहेरून सुखवस्तू दिसतो. पण औषधांचा आणि मजुरीचा खर्च आधी होतो आणि भाव शेवटी कळतो. २०२३ च्या नोव्हेंबरात गारपीट झाली, तेव्हा याच भागात एका संध्याकाळीत वर्षाची मेहनत झोपली. माल नेऊन पैसे न देणारा व्यापारी हा तर प्रत्येक गावातला विषय. माझ्या रस्त्यावरच्या तीन-चार बागा आता तोडलेल्या आहेत. एका ठिकाणी मका आहे, एका ठिकाणी प्लॉटचा फलक. सायकलला रस्ता तोच आहे, पण वास नाही.

कुणाला यावेसे वाटले, तर थोडे सांगतो. उजाडता निघा आणि दहाच्या आत परता. महामार्ग टाळा. मागे लाल दिवा हवाच, आणि जवळ पंप आणि पंक्चरचे सामान. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर फवारणी करत असेल, तर तो ओळ संपवून लांब जाईपर्यंत अलीकडेच थांबा. ते औषध नाकात जाण्यासाठी नसते. घड कितीही जवळ लोंबत असला तरी तोडू नका. तो दुसऱ्याचा आहे हे एक, आणि त्यावर कालच फवारणी झालेली असू शकते हे दुसरे. मागितलेत, तर बहुतेक ठिकाणी धुऊन देतात. आणि पाणी मागायला लाजू नका. ओळख तिथूनच सुरू होते.

मागच्या ऑक्टोबरात अण्णांचा फोन आला. “साहेब, छाटणी झाली. पंधरा दिवसांनी या, घड मोजायला.”

मी गेलो. सायकल बांधावर टाकली आणि मांडवाखाली शिरलो. कंबर कुरकुरली. अण्णा पुढे, मी मागे. एकेका वेलीपाशी थांबून ते आकडा सांगत, मी वहीत लिहीत होतो. तीस, चौतीस, सव्वीस, एकतीस. एका वेलीवर फक्त अकरा होते. मी ते अकराच लिहिले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)