शेवटच्या रांगेला ऐकू येते काय?



संगीत नाटकाविषयी महाराष्ट्रात जी चर्चा होते ती बहुधा गायकाच्या गळ्याभोवती फिरत राहते. कोणत्या नटाची तान कशी होती, कोणत्या पदाला किती वेळा वन्समोअर मिळाला, कोणाची नांदी ऐकून अंगावर रोमांच उभे राहिले, या आठवणींवर मराठी रसिकतेचे पोषण झालेले आहे. या आठवणी बहुतांशी पुढच्या रांगांतून लिहिल्या गेल्या, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. बाल्कनीच्या टोकाला सर्वांत स्वस्त तिकीट काढून बसलेल्या गिरणी कामगाराने, कारकुनाने किंवा शेजारच्या खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याने काय ऐकले, याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. दौऱ्यावरचे नाटक गावात येते, प्रयोग होतो, दुसऱ्या दिवशी सामान पुढच्या मुक्कामाला जाते. आणि निम्म्या प्रेक्षागृहाला पदांचे शब्द कळले की नाही हा प्रश्न त्या सामानाबरोबरच निघून जातो.

हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. वस्तुत: तो वाटपाचा प्रश्न आहे. नाट्यगृहातील तिकिटांचे दर रंगमंचापासूनच्या अंतरावर ठरतात. म्हणजेच दृश्य आणि ध्वनी यांची प्रतवारी करून ती विकली जाते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. बंदिस्त प्रेक्षागृहात भिंती आणि छत आवाज परतवतात म्हणून ही घट इतकी निर्दय नसते. परंतु ही मदत कोणाला किती मिळावी हे बांधणाऱ्याच्या हाती असते. हे ज्ञान नवे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहांची मापे दिलेली आहेत. चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद, म्हणजे सुमारे ९६ फूट बाय ४८ फूट, हे मध्यम माप माणसांसाठी योग्य. त्याहून मोठ्या मंडपात उच्चारलेले अस्पष्ट होते आणि मुद्रेवरचा भाव दिसत नाही, असे कारण तेथे स्पष्ट सांगितलेले आहे. नाट्यगृह डोंगरातील गुहेसारखे असावे, झरोके लहान असावेत, वारा शिरू नये, म्हणजे स्वर गंभीर होतो, असेही तो ग्रंथ सांगतो. परंपरेचा उठताबसता जयघोष करणाऱ्या नगरपालिकांनी हा एक अध्याय तरी वाचायला हरकत नव्हती!

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तेव्हा ध्वनिक्षेपकाची कल्पनाही नव्हती. त्यानंतरची निदान पन्नास वर्षे मराठी संगीत रंगभूमी मानवी फुप्फुसाच्या बळावर चालली. त्या काळचे नट उंच पट्टीत गात, यामागे सौंदर्यदृष्टीइतकीच गरजही होती. बारीक, टोकदार, वरच्या सुराचा आवाज गर्दीच्या कुजबुजीतून वाट काढतो; खर्जातला मऊ आवाज चौथ्या रांगेत विरून जातो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’चा जो प्रयोग झाला, त्यात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर यांनी ध्वनिक्षेपकाविनाच प्रेक्षागृह भारून टाकले होते. परंतु या वैभवाची किंमतही होती. ज्याचा आवाज पोहोचत नाही त्याला, मग तो कितीही समजदार नट असो, संगीत रंगभूमीवर मोठी जागा नव्हती. पद ऐकू येई. पदाच्या आधीचा गद्य भाग मागच्यांच्या वाट्याला अर्धवटच येत असणार. कथानक आधीपासून पाठ असल्यामुळे ही उणीव झाकली जाई, एवढेच.

खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या शाहिरांनी आणि कलापथकांनी या अडचणीवर निराळा उपाय योजला होता. चावडीपुढच्या मैदानात ना छत ना भिंत. तेथे शाहिराने टाकलेली ओळ झीलकरी पुन्हा उचलतात. पहिल्यांदा निसटलेला शब्द दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कानावर पडतो. डफ आणि तुणतुणे शब्दाच्या आड येत नाहीत, शब्द संपल्यावर बोलतात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी हे तंत्र लोककलेतून उचलले. शेवटच्या माणसापर्यंत शब्द गेला पाहिजे हा आग्रह त्या रचनेतच मुरलेला होता.

मग ध्वनिक्षेपक आला. बोलपटांनी १९३२ नंतर नाटक मंडळ्यांची कंबर मोडली, नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली, आणि साठीच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उभे राहिले ते विजेच्या आवाजासह. १९६० चे ‘पंडितराज जगन्नाथ’, १९६३ चे ‘मंदारमाला’, १९६४ चे ‘मत्स्यगंधा’, १९६७ अखेरचे ‘कट्यार काळजात घुसली’ ही सारी या नव्या काळाची अपत्ये. या यंत्राला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. त्याने मऊ आवाजाला, खालच्या पट्टीला, हळुवार उच्चाराला रंगमंचावर हक्क दिला. आणि त्याने एक मोठे आश्वासन दिले: पहिल्या आणि शेवटच्या रांगेला सारखेच ऐकू येईल. आवाजापुरती समता.

या आश्वासनाचे अर्थशास्त्र पाहण्यासारखे आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगकलांच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील प्रतिपादन सोपे आहे. कारखान्यात यंत्रामुळे दर माणशी उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतन वाढते. परंतु चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. वेतन मात्र इतरांबरोबर वाढावेच लागते. म्हणून प्रयोगाचा खर्च सतत वाढत राहतो. यातून सुटण्याची एकच फट होती: तोच प्रयोग अधिक माणसांना एकदम ऐकवणे. ती फट ध्वनिक्षेपकाने उघडली. प्रेक्षागृहे मोठी झाली. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी खुले झाले ते सुमारे हजार आसनांचे. त्यानंतर महाराष्ट्रातल्या शहराशहरांत नगरपालिकांनी त्याच बेताची नाट्यगृहे उभारली. हे सार्वजनिक पैशाचे उत्तम काम होते. खर्च अधिक डोक्यांवर वाटला गेला आणि दौऱ्यावरच्या नाटकाला जगण्यापुरते उत्पन्न मिळू लागले.

परंतु आश्वासन पाळले गेले काय? या प्रश्नाचे उत्तर मध्यंतरात चहाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यास मिळते. पहिल्या दोन रांगांत कडेला बसलेला गृहस्थ कान चोळत असतो, कारण कर्णा त्याच्या डोक्यावरच असतो. मधल्या रांगांतले समाधानी असतात. बाल्कनीखाली बसलेल्या बाई शेजारणीला विचारतात, ‘ती नेमकं काय म्हणाली?’ वर बाल्कनीत सूर पोहोचतो, ताल पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. पद चालू असताना ऑर्गन आणि तबला गायकावर चढलेले असतात. कोणी तरी अंधारातून ‘आवाज!’ म्हणून ओरडतो. यंत्रावरचा मुलगा बटण वर सरकवतो, कर्णे शिट्टी मारतात, तो घाईने बटण खाली आणतो, आणि नायिकेचा शोक त्या शिट्टीत वाहून जातो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. उच्चारातील बळ स्वरांत असते, अर्थ बराचसा व्यंजनांत. ‘स’, ‘थ’, ‘ख’, ‘फ’ हे दुबळे, क्षणिक, वरच्या कंपनांचे नाद होत. प्रेक्षागृह घुमणारे असेल तर आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते आणि ते गिळून टाकते. आवाज वाढवला की शेपटीही तितकीच वाढते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे १८९५ साली एका व्याख्यानगृहाची तक्रार आली. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. सॅबाइनने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, मोजून, पुन्हा परत नेऊन ठेवत प्रयोग केले आणि नियम शोधला: घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागाबरोबर कमी होतो. भाषणाला साधारण एक सेकंदाचा घुमार मानवतो, पाश्चात्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपासचा. संगीत नाटकाची पंचाईत अशी की त्याला गद्यही लागते आणि पदही. त्याला या दोहोंमधली, गद्याकडे झुकलेली वास्तू हवी. अशी वास्तू आपोआप होत नाही. ती आखावी लागते.

दुसरी गोष्ट कर्ण्यांच्या जागेची. नटी मध्यभागी उभी, आवाज मात्र डावीकडच्या पेटीतून. ज्या दिशेने आवाज आधी येतो तिकडून तो आला असे कान मानतो, असे हेल्मुट हास याने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रयोगांनी दाखवून दिले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटर मागच्या रांगेला तो सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोहोचतो. बाल्कनीखाली लहान कर्णे लावून त्यांना तेवढाच उशीर दिला तर मागच्या माणसाला रंगमंचावरूनच, परंतु स्पष्ट, ऐकू येते. हे तंत्र जुने झाले आहे, दुर्मिळ नाही. तरी बहुतेक ठिकाणी पडद्याच्या दोन बाजूंना दोन मोठ्या पेट्या ठेवून काम भागवले जाते.

असे का होते? याचे उत्तर दौऱ्याच्या रचनेत आहे. नाट्यगृह सत्रावर भाड्याने मिळते: सकाळ, दुपार, रात्र. दुपारच्या प्रयोगाचे नेपथ्य निघाल्यावर रात्रीच्या मंडळींना पडदे, दिवे आणि आवाज मिळून दोन-तीन तासच हाती लागतात. नेपथ्य आणि दिवे अडले तर पडदाच वर जात नाही, म्हणून त्यांना आधी वेळ मिळतो; आवाजाची पाहणी उरल्या अर्ध्या तासात, रिकाम्या प्रेक्षागृहात उरकली जाते. आणि रिकामे प्रेक्षागृह हे खोटे बोलणारे प्रेक्षागृह असते. हजार माणसांचे कपडे आणि देह आवाज शोषतात. तिसऱ्या घंटेनंतर सगळा हिशेब बदलतो.

जबाबदारी कोणाची? निर्माता म्हणतो, यंत्रणा भाड्याची आहे. भाड्याने देणारा म्हणतो, वास्तूच घुमते. व्यवस्थापक म्हणतो, आमचे काम चाव्या देण्याचे. महापालिका म्हणते, नूतनीकरणाची निविदा निघाली आहे. ज्याचे नुकसान झाले तो प्रेक्षक रात्री बाराला शेवटची बस पकडायला धावतो. त्याचे नुकसान लहान, विखुरलेले, एका रात्रीपुरते. असे नुकसान कोणाच्याही वहीत चढत नाही. त्यातही या नाटकांचा प्रेक्षक बराचसा उतारवयातला. वय वाढले की प्रथम वरच्या कंपनांची श्रवणशक्ती जाते, म्हणजे नेमकी व्यंजनेच हरवतात. तो बिचारा दोष स्वत:च्या कानाला देऊन गप्प बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला आहे. श्रवणयंत्राला थेट आवाज पोहोचवणारी तारेची वेटोळी प्रेक्षागृहाच्या जमिनीत बसवता येतात. निविदांच्या याद्यांत मात्र ग्रॅनाइट आधी येतो.

या विषयाची निकड सध्या वाढलेली आहे. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास उभे केलेले पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो ही त्या वास्तूची ख्याती कोल्हापूरकर अभिमानाने सांगत आले. ती ख्याती लाकूड, छताची उंची, भिंतींचा गिलावा आणि आसनांची मांडणी यांच्या बेरजेतून आलेली होती. बाहेरचे रूप जसेच्या तसे उभारले आणि आतले लाकूड व गिलावा बदलला, तर चेहरा परत येईल, आवाज येणार नाही. पणजीत चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या कला अकादमीचे नूतनीकरण होऊन ती नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा खुली झाली. त्यानंतर तेथील ध्वनी आणि प्रकाश यांविषयी गोव्याच्या रंगकर्मींनी जाहीर तक्रारी केल्या. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडून तेथे मोठे संकुल बांधण्याचा प्रस्ताव महापालिकेने पुढे आणला आणि त्याला विरोधही झाला. पाडावे की राखावे यावर मते असू शकतात. परंतु जुन्या वास्तूचा आवाज मोजून ठेवल्याशिवाय तिला हात लावू नये, ही मागणी दोन्ही बाजूंनी करता येईल.

तेव्हा आपल्या गावच्या नाट्यगृहाचे काम निघेल तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि नगरसेवकांनी निविदेत एक अट घालून घ्यावी. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता प्रेक्षागृह भरलेले असताना चाचणी झाल्यावरच द्यावा. चाचणी अगदी साधी आहे. रंगमंचावरून सामान्य आवाजाच्या माणसाने एकमेकांशी संबंध नसलेले पन्नास शब्द वाचावेत: प्रथम ध्वनिक्षेपकाविना, नंतर ध्वनिक्षेपकावर, शेवटी ऑर्गन-तबल्यासह. शेवटच्या रांगेत, बाल्कनीखाली आणि दोन्ही कडांना बसलेल्यांनी, त्यांत साठीपुढचे निम्मे असावेत, ऐकू आले ते कागदावर लिहावे. ते कागद जागेवरच तपासावेत आणि आसनांच्या क्रमांकासह निकाल तिकीटखिडकीशेजारी लावावा. म्हणजे तिकीट काढणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी कळेल की वीस रांगांमागच्या त्या खुर्चीवर पन्नासांपैकी किती शब्द पोहोचतात.