हिरवी मोसंबी, पिवळी मोसंबी

आज मोसंबीविषयी बोलू.

घरात कोणी तापाने निजले, की आपण अहमदपूरच्या बाजारातून मोसंबी आणतो. पैसा कष्टाचा असतो. फळ आजाऱ्याच्या पोटात जायचे असते. तेव्हा ते पारखून घ्यायला नको का?

आपण काय करतो? पिवळे दिसेल ते उचलतो. हिरवे असले तर म्हणतो, "दोन दिवस घरी ठेवू, पिकेल." आंबा आढीत पिकतो, हे खरे. पण मोसंबी, संत्रे, लिंबू यांचे तसे नाही. झाडावरून तोडल्यावर त्यांची गोडी वाढत नाही. घरी ठेवून ती सुकतील, पिकायची नाहीत.

मग हिरवे ते सगळे कच्चेच का? तसेही नाही. रात्री गारवा पडू लागला, की सालीचा हिरवा रंग ओसरतो. जालना, छत्रपती संभाजीनगरकडची आंबे बहाराची मोसंबी सप्टेंबरपासून तोडतात. तेव्हा थंडी कुठली? म्हणून साल हिरवट, पण आत रस गोड. उलट, इथिलीन वायू देऊन साल पिवळी करता येते. आतली गोडी होती तेवढीच राहते.

तर मग सारख्या आकाराची दोन फळे दोन हातांत घ्या. जड ते रसाचे. हलके ते आतून सुकलेले. फळवाला हसला तर हसू द्या! संत्र्याची साल सैल असतेच. पण फार फुगून पोकळ लागली, तर ते घेऊ नका.

सालीवरच्या कोरड्या तांबूस डागांना भिऊ नका. फांदी घासूनही ते पडतात. भोक मात्र नीट पहा. पावसाळ्याच्या अखेरीस बागेत रात्री पतंग येतात. फळात सोंड खुपसून रस पितात. भोकाभोवती साल तपकिरी होते. दाबले तर रस येतो. त्या वाटेने बुरशी शिरते, फळ आतून सडते आणि गळून पडते. स्वस्तातल्या ढिगात अशी गळकी फळे असू शकतात.

मऊ पडलेले, आंबूस वासाचे, निळी-हिरवी बुरशी आलेले फळ अख्खे टाकून द्या. वाईट तेवढे कापून बाकीचे खाऊ नका. बुरशी डोळ्यांना दिसते त्याहून खोल गेलेली असते. चांगले फळही धुऊनच कापा, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. आणि रस काढला की लगेच प्यायला द्या.